खापर रोमचे की इराकचे?

पाचोरा : गिरणाकाठच्या बहाळ येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५०च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा काळ ठरविण्यासाठी मुख्य आधार होता तो खापरांचाच. नाणे क्वचित सापडते. खापर कुजत नाही. मात्र त्याची ओळख चुकली, तर इतिहासच शतकांनी सरकतो.

१९५४ ते ५६ दरम्यान डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या नेवासे येथील मद्यकुंभांचे तुकडे रोमन व्यापाराचा पुरावा मानले गेले. इतरत्रही तशाच नोंदी झाल्या. ब्रिटनमधील रोमन खापरांच्या मातीचा संदर्भसंग्रह सिद्ध करणाऱ्या संशोधिका रोबर्टा टोंबर यांनी भारतातील अशी खापरे पुन्हा तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष धक्कादायक होता : त्यांपैकी अनेक खापरे रोमन नव्हेतच, ती मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत.

फरक कसा ओळखावा? रोमन कुंभाला दोन कान असतात, टॉर्पेडोला नसतात. त्याच्या आतून डांबराचा लेप असतो. इटलीतील कॅम्पानियाच्या कुंभांत व्हेसुव्हियस परिसराची काळी ज्वालामुखी वाळू दिसते. टॉर्पेडो कुंभ सासानी व आरंभीच्या इस्लामी काळातही येत राहिले. साहजिकच, केवळ अशा खापरावरून इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात टाकलेला थर बराच नंतरचा असू शकतो. रोमशी व्यापार होताच. घारापुरीला दोन्ही प्रकारची खापरे मिळाली आहेत.