तारेबरोबर वीजही गेली

ब्रिटनमध्ये वीज गेली की दिवे, टीव्ही सगळं बंद पडायचं. जुना फोन मात्र खणखणत राहायचा. त्याला लागणारी वीज घरातली नसायचीच! ती टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची, सुमारे ५० व्होल्टची, आणि ज्या तांब्याच्या तारेतून आवाज यायचा तिच्यातूनच येणारी.

तांब्याच्या तारांवरचं हे फोनचं जाळं बीटी कंपनी आता बंद करते आहे. सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीची लाइन नव्याने मिळणं देशभर थांबलं. तांब्याच्या जागी येते आहे काच, म्हणजे फायबर: जेमतेम १२५ मायक्रॉनचा धागा आणि त्याच्या पोटात प्रकाश धावतो तो सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा.

१९६०च्या दशकातल्या काचेत वीस मीटरमध्येच ९९ टक्के प्रकाश विरून जायचा. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, हे इंग्लंडमधल्या हार्लो इथे काम करणाऱ्या चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडलं. २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज एक किलोमीटर काच ओलांडूनही ९५ टक्के प्रकाश उरतो. म्हणूनच ओपनरीच या बीटीच्याच कंपनीला सुमारे ५,६०० एक्स्चेंजपैकी हजारेकच पुरणार आहेत. तांब्यावरचं ब्रॉडबँड काही किलोमीटरांत दमतं, प्रकाश इतक्यात दमत नाही.

दोन धागे जोडतानाचं काम तर बघत राहावं असं. तंत्रज्ञ वरचं आवरण सोलतो, अल्कोहोलने पुसतो, टोक सरळ कापतो आणि यंत्रात ठेवतो. पडद्यावर दोन्ही टोकं दोरखंडाएवढी दिसतात, हळूहळू समोरासमोर येतात. मग विजेची ठिणगी, आणि काच वितळून एकजीव. सांधा शोधूनही सापडत नाही.

कंपन्या-कार्यालयांकडे फायबर नेणं त्यामानाने सोपं. डोकेदुखी आहे ती जुन्या लाइनवर गुपचूप लटकलेल्या गोष्टींची: लिफ्टमधला मदतीचा फोन, आगीचा अलार्म, कार्डाचं मशीन. कितीदा तर बिल भरणाऱ्यालाही ती लाइन कशाची हे ठाऊक नसतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटणही याच तारेच्या भरवशावर. मुख्यतः त्यांच्या काळजीने डिसेंबर २०२५ची मुदत जानेवारी २०२७वर गेली, आणि ते योग्यच झालं.

काचेतून वीज वाहत नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचं काम आता लिफ्टशेजारी, राउटरशेजारी बहुतेकांनी आपापली बॅटरी ठेवून भागवायचं, आणि ती वेळेवर बदलायचीही.