आवाज नेमका अडतो कुठे? लॅपटॉपचा माइक आणि ऑडिओ ड्रायव्हर

मागच्या सत्रातल्या प्रश्नोत्तरांत काय झालं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं. एका निवृत्त शिक्षिका बाईंनी हात वर केला होता. त्या बोलू लागल्या, ओठ हलत होते, पण आवाज मात्र येईना. आपण सगळ्यांनी पाच-सहा वेळा सांगितलं, "बाई, तुम्ही म्यूटवर आहात." त्या म्यूटवर नव्हत्या. शेवटी त्यांनी हात जोडले आणि निघून गेल्या. तासभर थांबून विचारायचा प्रश्न तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल. पैसे देण्याआधी त्यांनी आम्हाला फोन केला, हे बरं झालं. दोष काय निघाला ते शेवटी सांगतो. तोवर आपणही तो शोधत जाऊया.

आधी आवाजाचा रस्ता समजून घेऊ. लॅपटॉपचा माइक म्हणजे बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या आजूबाजूला असलेली एक-दोन बारीक छिद्रं. त्यांच्यामागे तांदळाच्या दाण्याएवढा माइक असतो. तिथे आलेल्या आवाजाचे आकडे होतात, साधारणपणे सेकंदाला ४८,००० वेळा मोजून. हे आकडे विंडोजला समजतील असे पोहोचवणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. पुढे विंडोज ठरवतं की कुठल्या अ‍ॅपला माइक वापरू द्यायचा. आणि शेवटी ते अ‍ॅप ठरवतं की कुठल्या माइकचं ऐकायचं. म्हणजे माइक, ड्रायव्हर, विंडोजची परवानगी आणि अ‍ॅप अशी चार ठाणी झाली. नळाला पाणी नाही म्हणून आपण लगेच विहीर खणायला घेत नाही, आधी कॉक उघडा आहे का ते बघतो. इथे मात्र बहुतेक जण पहिल्याच झटक्यात ड्रायव्हर काढून टाकतात, नाहीतर लॅपटॉप फॉरमॅट करतात.

म्हणून पहिली परीक्षा सोपी घ्यायची. मीटिंग बंद करा, विंडोजमधलं साउंड रेकॉर्डर उघडा आणि दहा सेकंद बोला. आवाज नीट रेकॉर्ड झाला तर माइक आणि ड्रायव्हर ठणठणीत आहेत. दोष बहुधा मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आहे. अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक कुठला निवडलाय ते बघा. ब्राउझरमधून जोडला असाल तर पत्त्याच्या पट्टीतल्या खुणेवर क्लिक करून माइकची परवानगी द्या.

रेकॉर्डरमध्येही आवाज नसेल तर एक पायरी मागे या. छिद्रांवर काही चिकटलंय का? कॅमेरा झाकायला लावलेली पट्टी कधीकधी माइकही झाकते. कीबोर्डवर माइक बंद करायची कळ आहे का, तिच्यावरचा दिवा लागलाय का, तेही बघा. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात साउंड, त्यात इनपुट. इथे कुठला माइक निवडलाय ते वाचा, आवाजाची पातळी शून्यावर नाही ना ते बघा आणि बोलताना पट्टी हलते का ते पाहा. नंतर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये मायक्रोफोन उघडा. वरचं मुख्य बटण चालू हवं आणि खाली डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी देणारं वेगळं बटण आहे, तेही चालू हवं. दुसरं बटण बरेच जण विसरतात.

अजूनही काही नाही? मग दुसरी परीक्षा. कुणाकडून यूएसबीचा हेडफोन मागून आणा. त्याचं स्वतःचं साउंडकार्ड असतं आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. तो चालला तर विंडोज आणि परवानग्या ठीक आहेत. दोष लॅपटॉपच्या माइकमध्ये किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे.

आता कुठे ड्रायव्हरला हात लावायचा. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. माइकवर खाली जाणारा छोटा बाण दिसला तर तो नुसता बंद केलेला आहे. राइट क्लिक करून चालू करा. पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हरचं बिनसलंय. कालपरवाच्या अपडेटनंतर हे सुरू झालं असेल, तर प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे का बघा. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. तो पर्याय फिका असेल तर अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा. विंडोज बहुधा स्वतःच ड्रायव्हर पुन्हा बसवतं.

इथे एक खाच आहे. इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये आतला माइक 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' नावाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो. स्पीकर वाजतो, वायरचा हेडसेट चालतो, पण आतला माइक यादीतूनच गायब, असं झालं की माइक मेला असं वाटतं. प्रत्यक्षात हा ड्रायव्हर नसतो किंवा बिघडलेला असतो. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर जा आणि त्या मॉडेलचेच ऑडिओ ड्रायव्हर उतरवा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. आणि एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने दुरुस्त झालं आणि कशाने बिघडलं, दोन्ही कळत नाही.

गाण्याच्या क्लासवाल्यांची तक्रार वेगळी असते: "आमचा आवाज जातो, पण तानपुरा जातच नाही." हा बिघाड नव्हे. मीटिंगची अ‍ॅप्स पंख्याची घरघर गाळतात. एकसारखा वाजणारा तानपुराही त्यांना पंखाच वाटतो. अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशन बंद करा किंवा मूळ आवाज पाठवायचा पर्याय निवडा.

आता बाईंचा लॅपटॉप. साउंड, इनपुट उघडायला सांगितलं. निवडलेला माइक लॅपटॉपचा नव्हताच. नातवाचा ब्लूटूथ हेडसेट कधीतरी त्या लॅपटॉपला जोडलेला होता आणि तो शेजारच्या खोलीत चालूच पडला होता. बाई इथे बोलत होत्या, लॅपटॉप तिथे कान लावून बसला होता. दोन क्लिक केले आणि फोन कानाला असतानाच पट्टी हलायला लागली. मदरबोर्ड शाबूत होता.

पण चूक आमचीही होती. "तुम्ही म्यूटवर आहात" असं आपण सहा वेळा म्हणालो आणि एकदाही "माइक कुठला निवडलाय?" असं विचारलं नाही. आवाज येत नाही तेव्हा समोरच्यालाच काही जमत नाही, असं आपण धरून चालतो. म्हणून यापुढे प्रत्येक सत्राआधी पंधरा मिनिटं आवाजाच्या तपासणीसाठी खोली उघडी ठेवणार आहोत.

चला, आजचा पहिला प्रश्न बाईंचा. बाई, बोला. येतोय आवाज, अगदी स्वच्छ येतोय.