थांबत चालणारा वायपर : दोष शोधावा कुठे?

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पावसाळ्यात वायपर सतत चालू ठेवावा लागतोच असे नाही. आलापल्ली-भामरागड मार्गावर सर ओसरल्यानंतरही झाडांवरचे पाणी काचेवर ठिबकत राहते, तर कोळसा वाहणाऱ्या ट्रकांमागे उडालेला काळा चिखल मधूनमधून पुसावा लागतो. अशा वेळी कामी येते ती वायपरची थांबत चालण्याची गती.

अमेरिकी अभियंते रॉबर्ट कर्न्स यांनी १९६४ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या रचनेत कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा घटक, रोधातून हळूहळू भरत जातो, त्याचा दाब ठरावीक पातळीला पोहोचला की ट्रान्झिस्टर मोटर सुरू करतो, आणि रोध कमीजास्त केल्यास दोन फेऱ्यांमधली विश्रांती बदलते. पुढे हे काम रिले किंवा गाडीतील संगणकीय नियंत्रक करू लागला. मात्र रिले बहुधा केवळ क्षणभराचा धक्का देतो. पाते मूळ जागी परतेपर्यंत वीज चालू ठेवण्याचे काम मोटरच्या गिअरपेटीतील ‘पार्क स्विच’ करतो.

निदानाची किल्ली यातच आहे. संथ व जलद या दोन्ही गती व्यवस्थित चालत असतील, तर मोटर आणि तिचा फ्यूज निर्दोष समजावा व संशय रिलेवर किंवा स्टिअरिंगजवळच्या दांडीतील संपर्कांवर घ्यावा. पाते नुसते हिसका देऊन थबकत असेल किंवा स्विच बंद करताच काचेच्या मध्येच अडकत असेल, तर दोष पार्क स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत असण्याचा संभव अधिक. तरीही गॅरेजमध्ये आधी मोटरच बदलली जाते, हा खर्च पुष्कळदा अनाठायी असतो.

जंगलपट्ट्यात आणखी एक कारण डोळ्यांआड राहते. काचेखालच्या जाळीत पालापाचोळा साचून पाणी बाहेर जाण्याची छिद्रे बुजली, की ते मोटरच्या जोडणीत शिरते आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. अशी जोडणी मल्टिमीटरला बहुधा फसवते, कारण तो जवळजवळ वीज ओढतच नाही आणि सडलेल्या तारेतूनही १२ व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प मात्र मंद पेटून दोष उघड करतो. मीटरच वापरायचा असेल तर मोटर चालू असताना तिची अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधला दाब मोजावा. तो व्होल्टच्या काही दशांशांपेक्षा अधिक भरल्यास अर्थिंगचा बोल्ट उघडून घासावा.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोटरपासून दांड्यांची जोडणी सोडवून मोटर एकटीच चालवून पाहावी. ती मोकळी फिरली, तर दोष विजेचा नसून गंजून अडकलेल्या सांध्याचा असतो. तेथे जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे म्हणजे तार जळण्याला वाट करून देणे होय.