बारा मीटर पाण्यातला टॉर्पेडो

सुमारे आठशे किलोचा टॉर्पेडो विमानातून सोडला की तो आधी खोल बुडी मारतो, मग सावरून वर येतो आणि लक्ष्याकडे धावतो. ही बुडी तीस मीटरपर्यंत सहज जाई. पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावरचं पाणी मात्र जेमतेम बारा मीटर. म्हणजे टॉर्पेडो थेट चिखलात रुतायचा. १९४१ मध्ये तिथे हल्ला करू पाहणाऱ्या जपानी नौदलापुढे हा पेच होता, आणि तो आकाशातून सोडवायचं काम आलं शिगेहारू मुराता या अधिकाऱ्याकडे.

मुराता मोकळ्या, हसऱ्या स्वभावाचा. सहकारी त्याला ‘बुद्ध’ म्हणत. कारकीर्द मात्र बुद्धाला शोभणारी नव्हे. डिसेंबर १९३७ मध्ये यांगत्से नदीत अमेरिकेची ‘पनाय’ ही गनबोट बुडवणाऱ्या हल्ल्यात तो बाँबफेक्यांचा म्होरक्या होता. जपानने तेव्हा माफी मागून नुकसानभरपाईही मोजली. चार वर्षांनी माफीचा प्रश्नच उरला नाही.

सरावासाठी निवडलं जपानमधलं कागोशिमा. तिथलं आखात पर्ल हार्बरशी मिळतंजुळतं. शिरोयामा टेकडीला वळसा घालून विमानं शहरावर उतरत, यामागाताया या बड्या दुकानाच्या माथ्यावरून, घरांच्या छपरांना घासून जावीत इतक्या खालून बंदराकडे झेपावत. पाण्यावर आल्यावर उंची दहा-वीस मीटर, वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. या क्षणी विमान ना हलवता येतं ना वर घेता येतं, कारण नाक किंचित कललं तरी टॉर्पेडो भरकटतो. विमानात तिघं: वैमानिक, निरीक्षक आणि मागे रेडिओ सांभाळणारा बंदूकधारी. समोरच्या तोफा पेटल्या तरी तिघांनीही सरळ रेषेत जायचं. शौर्यापेक्षा ही शिस्तच मला जास्त भीतिदायक वाटते.

उरलेला पेच सुटला लाकडानं. टॉर्पेडोच्या शेपटीला लाकडी पंख बसवले. ते हवेत त्याला समतोल ठेवत आणि पाण्याला आपटताच तुटून पडत. त्यामुळे बुडी उथळ झाली. हे सुधारित टॉर्पेडो ताफा निघायच्या अगदी तोंडावर हाती आले.

७ डिसेंबरला चाळीस टॉर्पेडो विमानांचं नेतृत्व मुराताकडे होतं. पाच परतली नाहीत, पाचही ‘कागा’ या विमानवाहू जहाजावरची. ती रांगेत मागे होती, आणि तोवर अमेरिकन तोफची जागे झाले होते.

एप्रिल १९४२ मध्ये हाच ताफा हिंदी महासागरात शिरला. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बाँब पडले. दुसऱ्याच दिवशी बंगालच्या उपसागरात आलेल्या ‘र्‍युजो’ या वेगळ्या जहाजावरच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा गाठलं. युद्ध भारताच्या दारात आलं ते असं.

जूनमध्ये मिडवेच्या लढाईत मुराताचं ‘अकागी’ हे विमानवाहू जहाज बुडालं. तो वाचला आणि ‘शोकाकू’ या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर रुजू झाला. २६ ऑक्टोबरला सांताक्रूझ बेटांजवळ त्याने वीस टॉर्पेडो विमानं ‘हॉर्नेट’ या अमेरिकन विमानवाहू जहाजावर नेली. दोन टॉर्पेडो लागले आणि जहाज लंगडं झालं. त्याच हल्ल्यात मुराता मारला गेला. जपानने त्या एका लढाईत १४८ विमानी कर्मचारी गमावले, मिडवेपेक्षाही अधिक. अमेरिका प्रशिक्षणशाळांतून हजारोंनी वैमानिक घडवत असताना जपानी नौदलाने मोजकेच निवडायचे आणि वर्षानुवर्षं तयार करायचे, असं धोरण ठेवलं होतं. अशा माणसांच्या जागी बदली कोण मिळणार? ‘शोकाकू’ दुरुस्तीसाठी जपानला गेलं. त्याच्या सोबतच्या ‘झुइकाकू’ या विमानवाहू जहाजाला ओरखडाही उठला नव्हता, पण त्यावरून उडायला पुरेशी माणसंच उरली नसल्याने तेही मायदेशी परतलं.