पेनड्राइव्हवरील जुने खेळयंत्र : कालमापनाचा एक प्रश्न

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळयंत्र विक्रीस आणले. पुढे त्याच्याच बरहुकूम बनविलेली स्वस्त यंत्रे भारतात आली आणि १९९० नंतरच्या दशकात नांदेड-लातूरसारख्या शहरांत अनेक घरांतील दूरचित्रवाणी संचांना जोडली गेली. लोकांनी त्यांस ‘टीव्ही गेम’ म्हटले आणि खेळ साठविलेल्या प्लॅस्टिकच्या डबीस ‘कॅसेट’. वस्तुतः तीत फीत नसून रॉम-चिप असे. वेष्टनावर ९९९९ खेळांची ग्वाही असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा भेटीस येत. असे खेळ आज पेनड्राइव्हवरून कोणत्याही सामान्य संगणकावर चालविता येतात. तथापि मराठवाड्यात खेळला गेलेला खेळ त्यातून जसाच्या तसा परत मिळतो काय, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

प्रथम साधनाविषयी. ‘बाटोसेरा’ ही लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणकप्रणाली या कामी उपयोगी पडते. तिची प्रतिमा-फाइल पेनड्राइव्हवर लिहावी लागते. ती नुसती नक्कल करून ठेवल्याने भागत नाही, आणि लिहिताना पेनड्राइव्हवरील पूर्वीचा सर्व मजकूर पुसला जातो. नंतर संगणकाच्या बायोसमध्ये ‘सिक्युअर बूट’ बंद करून बूटसाठी पेनड्राइव्ह निवडला की प्रणाली तेथूनच सुरू होते. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर काहीही स्थापित करावे लागत नाही. त्यामुळे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात सिद्ध केलेला एक पेनड्राइव्ह लातूरच्या उपकेंद्रातील संगणकास लावला, तरी खेळ, मांडणी व नोंदी त्याच राहतात. प्रणालीचा मुख्य भाग केवळ वाचनीय असल्याने वीज अकस्मात गेली तरी तो सहसा बिघडत नाही. खेळ व नोंदी ज्या ‘शेअर’ विभागात असतात त्यास मात्र हे संरक्षण नाही. म्हणून त्याची प्रत अन्यत्र ठेवणे इष्ट.

खेळ प्रत्यक्ष चालवितो तो एम्युलेटर. जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर घडवून आणणारी ही आज्ञावली होय. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा असून मूळ यंत्राची कार्यस्मृती २ किलोबाइटांची होती. तेव्हा अडचण सामर्थ्याची नाही, कालमापनाची आहे.

या यंत्रावरील खेळांची गती सामान्यतः पडद्यावर रेखाटल्या जाणाऱ्या चित्रांच्या गणतीवर चालते. जपान व अमेरिकेतील एनटीएससी संचांवर सेकंदास सुमारे ६० चित्रे उमटत. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने, म्हणजे ५० च्या हिशेबाने. निन्टेन्डोने युरोपातील पाल संचांसाठी काढलेल्या यंत्रात प्रक्रियकाचा वेगही १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणला होता. पाल संचांसाठीच्या अनेक नकली यंत्रांनी मात्र निराळी वाट धरली : चित्रे ५०, पण प्रक्रियक १.७७ मेगाहर्ट्झचा. परिणामी मूळ जपानी खेळ त्यांवर पाच-षष्ठांश गतीने चाले, संगीताची लय तितकीच मंदावे, पण सूर जवळजवळ जागेवर राही. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका यंत्रावरून या प्रकारास ‘डेंडी’ हे नाव पडले आहे.

एम्युलेटर आपोआप निवड करतो तेव्हा बहुधा ६० चित्रांचीच पद्धत धरतो. खेळ निर्दोष चालतो. परंतु तो तोक्योतील मुलाचा खेळ असतो, लातूरच्या मुलाचा असेलच असे नाही. कुणास तो आठवणीपेक्षा चपळ भासला, तर दोष वयाचा नसून मांडणीचा असू शकेल! ‘एफसीईयूएमएम’ व ‘नेस्टोपिया’ या दोन्ही एम्युलेटरांत ‘डेंडी’ हा पर्याय हाताने निवडता येतो. तो निवडल्यावरही ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर पाचांतील एक चित्र दोनदा दाखवावे लागते आणि हालचाल किंचित अडखळते. पडदा ५० हर्ट्झवर चालविता येत असल्यास ही उणीव दूर होते.

आपल्याकडे आलेले प्रत्येक यंत्र याच जातीचे होते असे मानणे घाईचे ठरेल. एखादे जुने यंत्र हाती आल्यास ते उघडून चिपवरील क्रमांक पाहावा. तैवानच्या यूएमसी कंपनीची यूए६५३८ ही चित्रचिप आढळली, तर ‘डेंडी’ची मांडणी योग्य समजावी. भंगारात निघालेल्या या यंत्रांचे मोल त्या क्रमांकात आहे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(कक) अन्वये संगणक-आज्ञावली वैधरीत्या बाळगणाऱ्यास हानीपासून तात्पुरत्या संरक्षणासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आहे. बाजारातील कॅसेटी बहुधा स्वतःच अनधिकृत प्रती असल्याने हा लाभ त्यांच्या धारकास मिळेल असे धरून चालता येत नाही. परवान्यासह मुक्तपणे वितरित होणारे नवे खेळ व ‘२४०पी टेस्ट सूट’ ही मुक्त चाचणी-आज्ञावली मात्र निःशंकपणे वापरता येतात. गतीच्या तपासणीस ही सामग्री पुरेशी आहे. प्रत्येक चाचणीसोबत एम्युलेटरचे नाव, त्याची आवृत्ती, निवडलेली पद्धत आणि पडद्याचा हर्ट्झ यांची नोंद पेनड्राइव्हवरच ठेवावी, म्हणजे नांदेड येथील निरीक्षण लातूर येथे पडताळून पाहता येईल.