रिसीव्हर मुका का होतो?

होम थिएटरचा आवाज गेला की आपण लगेच रिसीव्हरवर खापर फोडतो. खरं तर पहिला संशय जोडणीवर घ्यावा. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे उलटा पाठवणारी एआरसी ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४ बरोबर आली, तीही सहसा टीव्हीच्या एकाच पोर्टवर. केबल शेजारच्या पोर्टात खोचली, तर रिसीव्हरमार्फत येणारं चित्र झकास दिसतं, टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज मात्र गायब! पोर्ट बरोबर असेल, तर सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयनं जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवतात ती सोय, बंद नाही ना, हे पाहावं. ‘ऑप्टिकल केबलनं भागतं की!’ भागतं, डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज तिच्यातून जातो, डॉल्बीचाच वरच्या दर्जाचा ट्रूएचडी मात्र जात नाही.

‘पण रिसीव्हर आपोआप बंद पडतो, तो तरी बिघाडच ना?’ तसंही नाही. स्पीकरच्या वायरीची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली, तरी संरक्षक सर्किट त्याला बंद करतं. प्लग काढून सगळ्या स्पीकरवायरी सोडवाव्यात. मग प्लग लावून रिसीव्हर पुन्हा सुरू करावा. तरीही तो बंद पडला, तरच मेकॅनिकला बोलवावं.