पंचनाम्यात न आलेल्या नोंदी



गव्हाणीपाशी गाडी खाली व्हायला वेळ लागला की चार सभासद एकत्र येतात आणि बोलणं सुरू होतं. खताचा दर, विजेचं बिल, लांबलेली तोड, घटलेला उतारा, आणि शेवटी, "आता शेतीत काही राहिलं नाही." हे वाक्य मीही शंभरदा बोललो असेन. त्यात खोटं काही नाही. तथापि, परवा जुन्या वह्या चाळताना २०१९ सालची ऊसाच्या हिशेबाची वही हाती लागली आणि तिच्या मागच्या पानावर माझ्याच अक्षरात काही नोंदी दिसल्या. त्या आपणांस सांगाव्यात म्हणून हा लेखप्रपंच.

आमचं गाव नदीकाठचं, शिरोळ तालुक्यातलं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, म्हणून २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढू लागलं तेव्हा जुन्या खुणेवर भरवसा ठेवून बसलो. ती खूण एका रात्रीत बुडाली. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर. पुणे-बेंगळूर महामार्ग शिरोलीजवळ आठवडाभर बंद पडला. हे सगळं आपणांस ठाऊकच आहे, अधिक लिहीत नाही.

आम्ही जनावरं घेऊन माळावरच्या गावात निघालो. ना ओळख, ना पाहुणपण. पहिल्याच घराच्या बाईने आमची गाभण म्हैस आणि एक दुभती पाहिली आणि काही न विचारता आपल्या दोन म्हशी गोठ्यातून सोडून बाहेर लिंबाखाली बांधल्या. पाऊस धो धो. मी म्हटलं, "अहो, तुमची जनावरं भिजतील." ती म्हणाली, "ती हितलीच हायत, त्यांना सवं हाय. तुमची बिचारी घाबरल्यात." आम्ही माणसं शाळेत राहिलो, म्हशी तिच्या गोठ्यात. निघायच्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "मामा, तुमच्या म्हशीचं दूध रोज शाळंतल्या पोरांना नेऊन दिलं. तुम्हाला इचारलं न्हाई. राग मानू नका." आम्ही ज्या शाळेत होतो तिथंच ते दूध येत होतं आणि माझी नात ते पीत होती. ते कुणाच्या म्हशीचं, याचा पत्ता मला आठ दिवस नव्हता!

शाळेतल्या दुसऱ्या का तिसऱ्या रात्री वैरण संपली. बाराच्या सुमारास एक ट्रॅक्टर आला, दिवे बंद करून. फाटकापाशी कडब्याच्या पेंढ्या टाकल्या आणि गेला. आम्ही उठून बाहेर येईपर्यंत फक्त आवाज ऐकू येत होता. पेंढ्या काथ्याच्या दोराने बांधलेल्या, दोराच्या टोकाला निळ्या चिंधीची गाठ.

त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टलाच आली. शाळेतल्या बायकांनी पातळाच्या काठाचे दोरे काढून लष्कराच्या जवानांना बांधले. एक जवान, कुठला कोण जाणे, आपल्या भाषेत काहीतरी बोलला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. मदतीच्या नावाखाली फाटक्या कपड्यांचे ढीग येऊन पडले, काही पुडक्यांवर आतल्या साखरेपेक्षा वरचा फोटो मोठा होता, आणि आमच्याच गल्लीत पाण्यात बुडालेल्या घरातली भांडी गेली. तेही मी वहीत लिहिलं आहे. पण त्याची चर्चा पुष्कळ झाली.

पाणी उतरल्यावर गावात आलो. गाळ, वास, आणि ऊस. ऊस उभा होता पण शेंडे कुजलेले, पानं गाळाने करडी. माझ्या धाकट्या भावाची अडीच एकर आडसाली, ८६०३२, सोळाव्या महिन्यात तुटायची ती तेराव्या महिन्यात बुडाली. शिवाय जुलैतली नवी लागण सरीत नावालाही उरली नाही. सोसायटीचं कर्ज दोन्हीवर. भाऊ बोलेनासा झाला. जेवायला हाक मारली की येई, ताट तसंच ठेवून उठे आणि बांधावर जाऊन बसे. घरात आम्ही एकमेकांकडे बघत असू. रात्री मी त्याच्या उशाशी झोपत होतो. कशासाठी, ते सांगायला नको.

अशात आपल्या गटाचा स्लिपबॉय बुडित ऊसाच्या नोंदी घ्यायला आला. वय पंचविशीच्या आतलं. त्याचंही घर पाण्यात गेलेलं. बांधावर भाऊ बसलेला पाहून म्हणाला, "आण्णा, जरा टेप धरा. माझ्याबरोबर कोण न्हाई." भाऊ उठला, टेपचं टोक धरलं, चिखलातून चारी बाजू फिरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगं पुन्हा हजर. "आण्णा, कालची नोंद भिजली, परत मोजावं लागंल." दोन दिवसांनी पुन्हा, गट नंबरात घोटाळा झालाय म्हणून. मला राग यायचा. ह्या पोराला काम येत नाही, शेतकी अधिकाऱ्यांना सांगावं असंही मनात आलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला भाऊ कडाडला. "लेका, कितींदा मोजणार? जमीन काय पुरात वाढलीया?"

घरात आम्ही तो आवाज ऐकला. दहा-बारा दिवसांत त्याने उच्चारलेलं ते पहिलं आख्खं वाक्य. पोरगं हसलं आणि म्हणालं, "मग आण्णा, नुसतंच बघून येऊ की." दोघे आत गेले. तासाभराने बाहेर आले तेव्हा भावाच्या हातात ऊसाचं एक कांडं होतं. शेंडा गेला की बाजूचे डोळे फुटतात, तशा पांगशा फुटल्या होत्या. म्हणजे ऊसाचं वजन जाणार, साखर जाणार. त्यात आनंदाचं काही नाही. पण भाऊ मला म्हणाला, "दादा, हा लवकर तुटला पायजे. आन् खालचा बुडखा जित्ता हाय, खोडवा येईल." जेवताना त्याने आमटी मागून घेतली.

पुढे ऑक्टोबरात मी गट ऑफिसात गेलो होतो. क्लार्कने रजिस्टर काढून दाखवलं. आमच्या क्षेत्राची नोंद पहिल्याच दिवशी झाली होती, स्वच्छ अक्षरात, कुठे खाडाखोड नाही. मी त्या पोराला गाठून विचारलं. तो म्हणाला, "मोजणीत फरक पडू नये म्हणून आलो हो." आणि सायकलवर टांग टाकून गेला. तो असा गेला की मला आभार मानायलाही सापडला नाही.

तोडीची गोष्ट राहिली. बुडित ऊस तोडायला टोळी सहसा नाखूष असते, आणि त्यांचं चुकत नाही. मजुरी टनावर. ऊस हलका, गाळाने कोयत्याची धार जाते, पाचटातली माती डोळ्यांत. आमच्याकडे आलेली टोळी बीडकडची. त्यांच्याकडे आदल्या वर्षी, २०१८ साली, राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. मी वरचे पैसे तयार ठेवले होते. मुकादमाने फडात फिरून ऊस पाहिला, भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या." टोळीतली एक म्हातारी कोयता घासत बोलली, "आमच्याकडं पाण्यावाचून वाळलं, तुमच्याकडं पाण्यानं कुजलं. आता कुणी कुणाला रडायचं, मालक?" एकरी ६० टनांची आशा होती, २६ निघाले. त्या बायांनी गाळात रुतलेली कांडीसुद्धा हाताने उपसून मोळीत घातली. ती टनात धरली तरी किती भरणार? पण घातली. जाताना आम्ही त्यांना जेवू घातलं, एवढंच आमच्याकडून झालं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. ह्या खेपेस भाऊ सगळ्यांच्या आधी ट्रॅक्टर जोडून गल्लीत फिरत होता, कुणाची जनावरं न्यायची आहेत ते विचारत. खोडव्याचं पुन्हा नुकसान झालं. तो बोलत होता, शिव्या देत होता, जेवत होता.

वहीच्या त्या पानावर एक जागा अजून कोरी आहे. २०१९ च्या ऑगस्टात त्या रात्री शाळेच्या फाटकापाशी कडबा कुणी टाकला, हे आम्हांस आजतागायत कळलेलं नाही. माळभागातल्या कुणा सभासदाचा ट्रॅक्टर असावा असा माझा कयास आहे. काथ्याचा दोर माझ्याकडे जपून ठेवला आहे, निळ्या चिंधीसकट. ज्यांचा असेल त्यांनी गट ऑफिसात निरोप ठेवावा. दोर मी स्वतः पोचवीन, आणि कडब्याच्या पेंढ्या ४० होत्या, त्याही.